मदत हवी आहे: बँकॉकमध्ये एकच दिवस, सोबत आई आणि आठ वर्षांचा मुलगा

नमस्कार मंडळी,

दिवाळीच्या सुट्टीत थायलंडला जातोय. क्राबी आणि फुकेतचं सगळं ठरलंय. परतीच्या वाटेवर बँकॉकमध्ये एक पूर्ण दिवस हातात आहे, त्याबद्दल मदत हवी आहे.

आम्ही चौघं: मी, नवरा, मुलगा आणि माझी आई. आईचं वय ७१, दोन्ही गुडघ्यांची शस्त्रक्रिया झालेली. सपाटीवर सावकाश चालते, मध्येमध्ये टेकायला जागा लागते, जिन्याला कठडा लागतो. पूर्ण शाकाहारी, अंडंही चालत नाही. मुलाला दोन तासांवर देवळं दाखवली की तो कुरकुरायला लागतो.

एका सहल कंपनीने पाठवलेला कार्यक्रम असा: सोन्याचा बुद्ध, संगमरवरी देऊळ, राजवाडा, वाट फो, वाट अरुण (थाईत वाट म्हणजे देऊळ), मग मॉल आणि रात्री नदीतली जेवणाची बोट. वाचूनच दम लागला. एवढ्यात आईचा निम्मा दिवस गाडीत चढण्या-उतरण्यातच जाईल.

आईला खरं तर एकच गोष्ट बघायची आहे. राजवाड्याच्या आवारातल्या पाचूच्या बुद्धाच्या देवळाभोवती ओवरी आहे आणि तिच्या भिंतींवर सबंध रामकथा रंगवलेली आहे, असं तिने कुठेतरी वाचलं. तेव्हापासून तिच्या डोक्यात तेच आहे. दर चातुर्मासात ती रामकथेची पोथी वाचते, अर्धी तर पाठच आहे. मला तिला ती चित्रं निवांतपणे दाखवायची आहेत. पाच मिनिटांत फोटो काढून पुढे, असं नको. बाकीचं राहिलं तरी चालेल.

तर विचारायचं हे की ती चित्रं नीट बघायला किती वेळ धरावा? तिथे ऊन, पायऱ्या, बसायची सोय कितपत? त्यानंतर मुलासाठी काय ठेवावं? आणि दुपारी आईला पोटभर जेवण कुठे मिळेल? हॉटेल सिलोम भागात आहे. प्रवासाचा भाग कुणी नीट समजावला तर फार बरं होईल.

प्रतिसाद

काही वर्षं बँकॉकमध्ये राहतोय, घरून कुणी आलं की राजवाड्याची फेरी ठरलेली. तुमचा विचार अगदी योग्य आहे. दिवस रामायणाभोवतीच बांधा.

राजवाडा सकाळी साडेआठला उघडतो, दुपारी साडेतीनला तिकिटं बंद. दारावर साडेआठलाच हजर राहा. नऊ-साडेनऊनंतर बसगाड्या भरून गट येतात आणि उन्हाचा चटकाही वाढतो. परदेशी माणसाला ५०० बाट तिकीट आहे, १२० सेंटीमीटरपेक्षा कमी उंचीच्या मुलांना लागत नाही. एखाद्या शाही कार्यक्रमासाठी काही भाग बंद असू शकतो, तेव्हा आदल्या दिवशी राजवाड्याच्या संकेतस्थळावर बघून घ्या.

ओवरीवर छप्पर आहे, त्यामुळे चित्रं सावलीतच बघता येतात. एकूण १७८ चित्रं. कथा उत्तरेकडून सुरू होते आणि प्रदक्षिणेच्या दिशेने पुढे सरकते. सगळी बघायला गेलात तर सकाळ पुरणार नाही. दीड तास धरा आणि आईंना निवडू द्या. राम हिरवा, लक्ष्मण सोनेरी, हनुमान पांढरा, एवढं सांगून ठेवलंत की त्या स्वतःच प्रसंग ओळखतील. एक चित्र मात्र चुकवू नका. डोंगराएवढा हनुमान बसलाय आणि रामाचा सबंध मंडप त्याने तोंडात धरलाय. महिरावण रामाला पळवून नेऊ नये म्हणून केलेला तो पहारा. महिरावणाची गोष्ट आपल्याकडे घरोघरी माहीत, पण हे दृश्य आपल्या पोथीत नाही. माझी आई तिथून हलायलाच तयार नव्हती.

इथली कथा काही ठिकाणी वेगळी आहे. सीता रावणाची मुलगी असते, आणि हनुमान ब्रह्मचारी नाही. सेतू बांधताना सुवर्णमच्छा नावाची रावणाची मुलगी, एक मत्स्यकन्या, दगड पळवते, तिच्याशी हनुमानाचं जमतं, त्यांना मुलगाही होतो. आईंना आधीच कल्पना द्या, म्हणजे ऐनवेळी धक्का बसणार नाही. मुलासाठी दारांवर उंचच्या उंच राक्षस उभे आहेत. त्यातला हिरवा, अनेक तोंडांचा तो रावण. त्याला शोधायला सांगा.

मुख्य देवळात चपला बाहेर काढाव्या लागतात आणि आत सगळे पाय मागे दुमडून जमिनीवर बसतात. बुद्धाकडे तळवे करून बसलेलं चालत नाही. गुडघ्यांमुळे आईंना ते जमणार नाही, त्यांनी मागच्या बाजूला उभं राहून दर्शन घ्यावं. मूर्ती उंचावर आहे, मागूनही दिसते.

आता सगळ्यात महत्त्वाचं. त्याच तिकिटात साला चालेर्मक्रुंग या जुन्या नाट्यगृहातला खोनचा छोटा प्रयोग येतो. खोन म्हणजे मुखवटे घालून केलेलं रामकथेचं नृत्यनाट्य, २०१८ साली युनेस्कोच्या यादीत गेलेलं. अर्ध्या तासाच्या आत संपतो, वातानुकूलित आहे, मऊ खुर्च्या आहेत. आईंच्या पायांना विसावा मिळेल आणि वानरांच्या कोलांट्या बघून मुलगाही खूश होईल. राजवाड्यातून तिकडे न्यायला गाडी असते, वेळा तिकीट काढतानाच विचारा. प्रयोग फक्त सोमवार ते शुक्रवार असतो.

प्रतिसाद

जेवणाबद्दल. वरच्या प्रतिसादातल्या नाट्यगृहापासून फाहुरत जवळच आहे. कापडबाजार, गुरुद्वारा आणि भारतीय खाणावळी. आईंना पोळी-भाजी-डाळ तिथे मिळेल. थाई जेवण खायचं असेल तर पिवळ्यावर लाल अक्षरांत 'जे' ची खूण असलेलं दुकान शोधा. त्यात मांस-मासे-अंडं नसतंच, कांदा-लसूणही नसतो. साध्या ठिकाणी नुसतं शाकाहारी म्हणून सांगितलंत तरी भाजीत माशाचा सॉस पडतो, त्यांच्या लेखी ते मीठच. हे कुणी मुद्दाम करत नाही, पण आईंच्या पानात यायला नको.

कपड्यांचं विसरू नका. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत, हाफ पँट चालत नाही. आईंच्या साडीला काहीच अडचण नाही.

आणि दाराशी कुणी अदबीने 'आज राजवाडा बंद आहे, चला दुसरं देऊळ दाखवतो' म्हणालं तर थांबू नका. तो तुम्हाला टुकटुकमध्ये घालून दागिन्यांच्या दुकानात नेईल. थेट दारापर्यंत जा.

प्रतिसाद

वाट अरुण सगळेच सुचवतात, पण त्या मधल्या शिखराच्या पायऱ्या फार खड्या आहेत. आईंना चढवू नका. वाट फोजवळच्या था तियन धक्क्यावरून नदीपलीकडे वाट अरुणला पाच बाटमध्ये होडी जाते, मुलाला तेवढ्यानेच मजा वाटेल. मात्र धक्का पाण्यावर हलतो. वाट फो आईंना सहज जमेल, सगळं सपाट आहे. ४६ मीटर लांबीचा पहुडलेला बुद्ध, तळपायांवर शिंपल्यांच्या जडावात १०८ शुभचिन्हं. पाठीमागे १०८ काशाची भांडी आहेत, मुलाला सुट्टी नाणी घेऊन द्या, तो एकेक टाकत जाईल.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार! खोनबद्दल मला काहीच माहीत नव्हतं. आईला महिरावणाच्या चित्राचं सांगितलं तर म्हणाली, हनुमानाने अजून काय काय केलं ते आत्ताच सांगू नकोस, तिथे बघीन. सुवर्णमच्छेचं मात्र सांगून टाकलं. थोडा वेळ गप्प बसली, मग म्हणाली, असेल बाई त्यांच्याकडे तसं.

आमचा बँकॉकचा दिवस शनिवार येत होता. प्रयोग शुक्रवारपर्यंतच असतो म्हटल्यावर फुकेतचा एक दिवस कमी केला, विमानाच्या तिकिटाचे थोडे पैसे गेले, ते चालतील. आता शुक्रवारी सकाळी चित्रं, मग प्रयोग, फाहुरतला जेवण, आईला हॉटेलवर दोन तास आराम आणि संध्याकाळी वाट फो. तिथून नवरा आणि मुलगा होडीने पलीकडे जाऊन येतील, मी आणि आई अलीकडेच बसू. सहल कंपनीला नकार कळवला.

एकच राहिलं. जेवणानंतर फाहुरतहून सिलोमला टॅक्सी बरी की मेट्रो?

प्रतिसाद

शुक्रवारी दुपारी मेट्रोच. टॅक्सी रस्त्यात अडकून पडेल. साम योत स्टेशन जवळ आहे, तिथून निळ्या मार्गावर चौथं स्टेशन सी लोम, गाडी बदलायची नाही. स्टेशनात लिफ्ट आहे, खुणा बघत तिकडूनच उतरा. सकाळी राजवाड्याला जाताना मात्र टॅक्सी करा. सनाम चाय स्टेशनापासून राजवाड्याच्या दारापर्यंत बरंच चालावं लागतं, आणि आईंचे पाय तुम्हाला चित्रांसाठी राखायचे आहेत.