वाशीत परिषद घ्यायचीय, पण सगळ्यांना ती 'महिला आरोग्य'च वाटतेय

बेडूकवाली, नेरुळ

नमस्कार मंडळी. नवी मुंबईतल्या एका मेडिकल कॉलेजात फिजिऑलॉजी शिकवते. (नाव जुनं आहे, आता बेडूक कापत नाही, कॉम्प्युटरवर दाखवते.) जानेवारीअखेरीस एक दिवसाची परिषद माझ्या गळ्यात पडलीय. विषय मीच सुचवला होता, त्यामुळे रडायचीही सोय नाही. स्त्री-पुरुषांच्या शरीरातले जैविक फरक आणि त्यांचा आजारांवर, औषधांवर होणारा परिणाम. दीडशे डेलिगेट, वाशीत एक हॉल, जेवण. बजेट विचारलं तर एचओडी (आमचे विभागप्रमुख) म्हणतात, "बघू."

अडचण अशी की विषय सांगितला की समोरचा 'अच्छा, महिला आरोग्य' म्हणून मोकळा होतो. एचओडी म्हणाले, मग ८ मार्चलाच घ्या की. कमिटीनं सुचवलेल्या अकरा वक्त्यांत आठ स्त्रीरोगतज्ज्ञ. काल बॅनरचं प्रूफ आलं: सगळं गुलाबी, मधोमध कमळात बसलेली बाई आणि तिच्या गळ्यात स्टेथोस्कोप. मराठी प्रेसनोटचं तर विचारूच नका. 'लिंगभेद' लिहिलं तर मोर्चा वाटतो. नुसतं 'लिंग' दिसल्यावर डीनच्या ऑफिसातून फोन आला, "मॅडम, पीसीपीएनडीटीचा (गर्भलिंगनिदान बंदी कायद्याचा) कार्यक्रम आहे ना? रेडिओलॉजीला कळवलंत का?"

मला करायचंय ते वेगळंच आहे. १९७७ साली अमेरिकेच्या एफडीएनं (औषधांना मंजुरी देणारी सरकारी संस्था) मूल होऊ शकेल अशा वयातल्या बायकांना औषधांच्या सुरुवातीच्या चाचण्यांतून बाहेर ठेवायला सांगितलं. थॅलिडोमाइडची धास्ती होती, गरोदरपणात ते औषध घेतलेल्या बायकांची मुलं व्यंग घेऊन जन्मली होती. ते धोरण १९९३ ला बदललं, पण तोवर कितीतरी औषधांचे डोस ठरूनही गेले होते. प्राण्यांतही तीच गत. मज्जासंस्थेवरचे २००९ सालचे पेपर मोजले तर नुसत्या नरांवरचे प्रयोग नुसत्या माद्यांवरच्या साडेपाच पट निघाले. कारण काय, तर मादीचं हार्मोनचं चक्र असतं, आकडे हलतात. २०१४ मध्ये उंदरांवरचे जुने पेपर एकत्र करून तपासले, तर माद्यांचे आकडे नरांपेक्षा जास्त हलत नव्हते! मी पीजी करत होते तेव्हा आमच्याकडेही पिंजऱ्यांत नरच यायचे. का, ते कुणी विचारलं नाही. मीही नाही.

तर कार्यक्रम कसा बांधू, की लोक गुलाबी फाइल घेऊन घरी जाणार नाहीत?

नौपाडा_लॅब

मॅडम, ट्रोपोनिनपासून सुरुवात करा. हार्ट अटॅकची शंका आली की जी रक्ततपासणी करतो ती. हाय-सेन्सिटिव्हिटीच्या एका बऱ्याच वापरातल्या किटची वरची मर्यादा पुरुषांना ३४ आणि बायकांना १६ आहे, आणि दोघांना मिळून एकच धरली तर २६. मी स्वतःच्या लॅबच्या रिपोर्टवर कित्येक वर्षं २६ च छापत होतो. सॉफ्टवेअरमध्ये रकाना एकच होता, म्हणून. साठीच्या एक काकू आल्या होत्या, जबडा दुखतो आणि दम लागतो म्हणून. आकडा आला २१. रिपोर्टवर कुठे ठळक अक्षर नाही, बाण नाही. फिजिशियन चांगले होते, त्यांनी आकडा न बघता काकूंकडे बघितलं आणि तीन तासांनी परत रक्त पाठवलं. दुसरा आकडा सरळ चढलेला. त्या रात्री बसून मी रकाने दोन केले.

पण हे सांगून टाळ्या घेऊ नका, पुढचं सांगा. स्कॉटलंडमध्ये १० रुग्णालयांत, ४८ हजारांवर रुग्णांत हेच करून बघितलं. वेगळ्या मर्यादेमुळे जास्तीच्या सापडलेल्यांत बायका पुरुषांच्या पाचपट होत्या. तरी त्यांना पुरुषांच्या निम्मेच उपचार मिळाले, आणि वर्षभरात त्यांचे अटॅक आणि मृत्यू कमी झाले नाहीत. म्हणजे रिपोर्ट बदलला, डॉक्टर तोच राहिला. यावर एक कार्डिओलॉजिस्ट आणि एक पॅथॉलॉजिस्ट समोरासमोर बसवा, हॉल जागा राहील. जेवणानंतरच ठेवा.

भूलवाली_ठाणे

अगं, आम्हा भूलतज्ज्ञांना कुणी बोलवत नाही! ऑपरेशननंतर उलटी होईल का, हे आम्ही चार गोष्टींवर मोजतो आणि त्यातली पहिलीच 'पेशंट बाई आहे का'. रोजचं काम आहे आमचं.

आता कामाचं. दोन ठिकाणी सेक्रेटरी होते, ठेच खाऊन सांगते. रविवार धरशील तर मेगाब्लॉकचं आदल्या दिवशी बघ. एकदा हार्बर आणि ट्रान्स-हार्बर दोन्ही अडकल्या आणि उद्घाटनाला स्टेजवर जास्त माणसं, खाली कमी. ठाण्याहून येणाऱ्यांसाठी बस ठेव. एमएमसीच्या (महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या) क्रेडिटसाठी अर्ज आधी कर, डॉक्टरांना पाच वर्षांत ३० तास भरायचे असतात, त्यासाठीच निम्मे येतात (खोटं कशाला बोला). औषध कंपनीकडून पैसे घेताना २०२४ ची मार्केटिंगची आचारसंहिता वाचून घे. वक्ता सोडून इतर डॉक्टरांचं प्रवासभाडं, हॉटेल कंपनीला देता येत नाही.

आणि पुरुषांचं एक सेशन घालच. खुब्याचं हाड मोडलेल्या म्हाताऱ्या बाईपेक्षा म्हातारा पुरुष पहिल्या वर्षात दगावण्याची शक्यता जास्त, तरी हाडांची घनता मोजणारं डेक्सा स्कॅन कुणाचं करतो आपण? बायकोचं. नवरा तिला घेऊन येतो आणि बाहेर बाकावर बसतो. हे सेशन सकाळी पहिलं ठेव. गुलाबी रंग तिथेच उतरेल.

आकडेमोडे_आजोबा, खारघर

बाई, वक्ते कोणीही बोलवा, परिषद ठरते ती अ‍ॅब्स्ट्रॅक्टच्या (संशोधनाचा सारांश पाठवायच्या) फॉर्मवर. मी आयुष्यभर डॉक्टरांची आकडेमोड केली. नेहमीची चूक सांगतो (पी ०.०५ च्या खाली आला की निकाल ग्राह्य धरायची रीत आहे): "पुरुषांत पी ०.०४, बायकांत ०.०८, म्हणजे औषध पुरुषांनाच लागू." अहो, नाही! ०.०४ आणि ०.०८ यांच्यात फरक आहे हे कुठे तपासलंत? त्याला इंटरअ‍ॅक्शनची चाचणी लागते, म्हणजे परिणाम दोघांत खरंच वेगळा आहे का हे थेट तपासणारी, आणि तिला नमुनाही बराच मोठा लागतो. पीजीच्या साठ पेशंटांत ते दिसायचं नाही. नाही दिसलं तर तसं लिहा, पण आकडे दोघांचे वेगळे द्या.

झोल्पिडेम या झोपेच्या गोळीचंही जपून बोला. २०१३ मध्ये एफडीएनं बायकांचा डोस १० चा ५ मिलिग्रॅम केला, कारण सकाळी त्यांच्या रक्तात औषध जास्त उरत होतं. हे प्रत्येक वक्ता सांगेल. त्या निर्णयाची खरंच गरज होती का, यावर औषधशास्त्रज्ञांत नंतर वाद झाला, हे कोणी सांगणार नाही. कितीदा फरक वजनाचा, चरबीचा, किडनीचा असतो आणि बिल फाडतात लिंगावर.

बेडूकवाली, नेरुळ

सगळ्यांचे आभार. आजोबा, तुमचं वाचून काल रात्री फॉर्म उघडला. 'नमुना संख्या' असा एकच चौकोन होता. आता तीन केलेत: स्त्रिया किती, पुरुष किती, आणि एकाच लिंगाचे घेतले असतील तर का. तिसऱ्या चौकोनात 'सोयीचे होते' चालणार नाही, असं खाली लिहिलंय.

भूलवाली ताई, हाडांचं सेशन सकाळी साडेनऊला. आमचे ऑर्थोचे सर "पुरुषांचं ऑस्टिओपोरोसिस? ऐकायला कोण येणार?" म्हणाले, म्हणून त्यांनाच बोलायला लावलंय. ट्रोपोनिन दोन वाजता. स्त्रीरोगतज्ज्ञ आठाचे दोन झाले, त्यातल्या एक रुसल्यात.

नाव अजून अडलंय. 'एकच आजार, दोन शरीरं' कसं वाटतं?

नौपाडा_लॅब

चांगलं आहे. फक्त इंटरसेक्स व्यक्तींचं (ज्यांचं शरीर जन्मतः स्त्री किंवा पुरुष या साच्यात नीट बसत नाही त्यांचं) काय, हा प्रश्न हॉलमधून येणार, आणि यायलाच हवा. एंडोक्रिनच्या (हार्मोनच्या) माणसाला आधीच सांगून ठेवा, नाहीतर मॉडरेटर घड्याळ दाखवेल. बॅनरचं काय झालं?

बेडूकवाली, नेरुळ

बाई काढली, कमळ काढलं. फॉर्म आणि नवं प्रूफ दोन्ही सकाळी एचओडींना पाठवलंय. वाचल्याच्या निळ्या खुणा आल्यात, उत्तर नाही.