अनंतावरील शिंगवाली अळी : पाने खाणारी की खोड पोखरणारी?

प्रश्न : कुंडीतील अनंताची कोवळी पाने मधल्या शिरेपर्यंत कुरतडलेली दिसतात आणि देठांना शेपटीकडे शिंग असलेल्या हिरव्या अळ्या चिकटलेल्या आहेत. या पारदर्शक पंखांच्या पतंगाच्या अळ्या असाव्यात, असे एका जाणकारांनी सांगितले. परंतु अशा पतंगांच्या अळ्या खोड पोखरतात, असे माझ्या वाचनात आले आहे. झाडाला धोका आहे काय? अळ्या शेजारच्या मोगऱ्यावर हलवल्या तर चालेल काय?

प्रतिसाद १ : वर्णनावरून ही सेफोनोडीस हायलास या जातीची अळी वाटते. अंगाच्या बाजूला ओळीने असलेली श्वसनरंध्रे तांबडी आहेत का, ते भिंगातून पाहावे. पारदर्शक पंख दोन वेगळ्या कुळांत आढळतात, त्यामुळे हा घोटाळा नेहमीच होतो. खोड पोखरतात त्या सेसिडी कुळातील अळ्या : पांढुरक्या, बिनशिंगाच्या आणि सहसा दृष्टीस न पडणाऱ्या. पीचच्या बुंध्यात शिरणारी सिनँथेडॉन एक्झिटिओसा ही त्यांपैकीच असून तिचा सुगावा बुंध्याशी साचलेल्या, भुसा मिसळलेल्या डिंकावरूनच लागतो. हायलास मात्र स्फिंजिडी कुळातील असून तिची अळी उघड्यावर पाने खाते. खोडाच्या वाटेला ती जात नाही.

प्रतिसाद २ : मोगऱ्यावर हलवू नये, अळ्या उपाशी मरतील. हायलासच्या खाद्यवनस्पती कदंबाच्या कुळातील आहेत. अनंत, कॉफी आणि पापट ही त्यांतील ओळखीची नावे. मोगरा पडतो पारिजातकाच्या कुळात. सुवासिक पांढरी फुले आपल्याला सारखी वाटली, तरी अळीचा संबंध पानांतील रसायनांशी असतो. झाड लहान असेल तर काही अळ्या अनंताच्याच दुसऱ्या झाडावर सोडाव्यात. मोठे झाड पुन्हा पालवते, त्यामुळे कीटकनाशकाची गरज मला तरी दिसत नाही.

प्रतिसाद ३ : वरील दोन्ही प्रतिसादांशी सहमत. एक भर घालतो : कोषातून नुकत्याच बाहेर आलेल्या हायलासचे पंख पारदर्शक नसतात. त्यांवर करड्या खवल्यांचा पातळ थर असतो आणि पहिल्या उड्डाणात पंखांच्या फडफडीने तो झडून जातो. पुढे हा पतंग भर दिवसा फुलासमोर हवेत स्थिर राहून लांब सोंडेने मध पितो, तेव्हा पोटावरील तांबूस पट्ट्यामुळे आणि गुणगुणण्यामुळे पुष्कळांना तो भुंगाच वाटतो. पूर्ण वाढलेली अळी झाडावरून उतरून मातीत किंवा पालापाचोळ्याखाली कोष करते. म्हणून अळ्या दिसेनाशा झाल्यावर काही आठवडे कुंडीतील माती उकरू नये.