फ्लॉरेन्स, मोंतोने, फोर्ली : जोडसुट्टीत मोटारीने जाणे जमेल का?

इसारकाठ (प्रश्न)

म्युनिकमध्ये राहणारे आम्ही चौघे मित्र पेंटेकॉस्ट या ख्रिस्ती सणाच्या जोडसुट्टीत, म्हणजे शुक्रवार सकाळपासून सोमवार रात्रीपर्यंत, मोटारीने इटलीत जाण्याचा विचार करीत आहोत. कोल्हापूरच्या छत्रपती राजाराम महाराजांचे फ्लॉरेन्समधील स्मारक आणि दुसऱ्या महायुद्धात मराठा पलटणी जेथे लढल्या ती ठिकाणे पाहावीत, अशी आमची इच्छा आहे. आमच्यापैकी एकाचे गाव माणगाव तालुक्यात असल्यामुळे याच युद्धात इटलीत वीरमरण आलेल्या नाईक यशवंत घाडगे यांचे नाव त्याच्या घरी आदराने घेतले जाते आणि त्यांचे नाव कोरलेले कासिनोचे स्मारक पाहायचेच, असा त्याचा आग्रह आहे. हे सर्व एका फेरीत बसेल का? गाडी आळीपाळीने दोघेच चालवणार आहोत, हेही लक्षात घेऊन कृपया सांगावे.

पेरुजाकर

कासिनो या वेळी वगळावे, असे मी स्पष्टपणे सुचवीन. ते रोमच्याही पलीकडे, दक्षिणेला आहे. फ्लॉरेन्सपासून तेथवर जवळजवळ ४०० किलोमीटर जायचे आणि तितकेच परत यायचे म्हटले तर तुमचा एक संपूर्ण दिवस महामार्गावरच जाईल. घाडगे यांचे पार्थिव सापडले नाही, म्हणून ज्यांची थडगी ज्ञात नाहीत अशा सैनिकांच्या नावांसोबत त्यांचे नाव तेथे कोरले आहे. परंतु ते लढले आणि पडले ते टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात. १० जुलै १९४४ रोजी त्यांच्या तुकडीवर अगदी जवळून मशीनगनचा मारा झाला आणि ते एकटेच धड उरले. तरीही ते सरळ त्या मोर्चावर धावून गेले, हातबाँब टाकून त्यांनी मशीनगन निकामी केली आणि एका शत्रूला गोळी घातली. काडतुसांची पेटी बदलायला सवड नव्हती, तेव्हा त्यांनी बंदूक नळीकडून धरून दस्त्याच्या घावांनी उरलेल्या दोघांना ठार केले. त्यानंतर दडून बसलेल्या नेमबाजांच्या गोळ्यांनी त्यांना मृत्यू आला. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस हा ब्रिटिशांचा सर्वोच्च शौर्यसन्मान मरणोत्तर देण्यात आला.

याच खोऱ्यातील मोंतोने या तटबंदीच्या गावात जुलै २०२३ मध्ये त्यांच्या नावाने सूर्यघड्याळाचे स्मारक उभारण्यात आले. आपण सारे एकाच सूर्याखाली राहतो, अशा आशयाचे लॅटिन वचन त्याच्यासाठी निवडले आहे. आपल्या मित्राला हे ठिकाण कासिनोपेक्षा अधिक जवळचे वाटेल, याची मला खात्री आहे. फ्लॉरेन्सहून आरेत्सो आणि सान्सेपोल्क्रोमार्गे ई-४५ या रस्त्याला लागावे. साधारण दोन तासांत पोहोचाल. गाव टेकडीवर असून गल्ल्या अरुंद आहेत, म्हणून गाडी खालीच ठेवून चढावे.

आर्नोतीर

फ्लॉरेन्सविषयी थोडे लिहितो. जुन्या शहराच्या बऱ्याच भागात बाहेरच्या गाड्यांना प्रवेश नाही. तेथे कॅमेरे आहेत आणि दंडाची नोटीस काही महिन्यांनी जर्मनीतल्या पत्त्यावर येते. म्हणून ए-१ महामार्गावरच्या व्हिला कोस्तांत्सा वाहनतळावर गाडी ठेवावी. तो महामार्गातूनच उघडतो आणि तेथूनच टी-१ ही ट्राम शहरात जाते. वाटेत काशिने थांब्यावर उतरावे, मात्र स्मारक काशिने उद्यानाच्या पार पश्चिम टोकाला असल्यामुळे तेथून बरेच चालावे लागते. भाड्याची सायकल मिळाल्यास उत्तम.

राजाराम महाराज १८७० मध्ये इंग्लंडचा दौरा आटोपून परतताना फ्लॉरेन्समध्ये आजारी पडले आणि ३० नोव्हेंबरला, अवघ्या विसाव्या वर्षी, निवर्तले. त्या काळी फ्लॉरेन्स इटलीची राजधानी होते. हिंदू रीतीने दहन करायचे तर नद्यांचा संगम हवा, म्हणून अधिकाऱ्यांची परवानगी घेऊन आर्नो आणि मुन्योने जेथे मिळतात तेथे चिता रचण्यात आली. १८७४ मध्ये त्याच जागी छत्री उभी राहिली. तिचा आराखडा मेजर चार्ल्स मँट यांचा, तर आतला अर्धपुतळा शिल्पकार फुलर यांचा आहे. पुतळा संगमरवराच्या नेहमीच्या पांढऱ्या रंगात नसून रंगवलेला आहे, त्यामुळे पागोटे आणि दागिने जवळून नीट न्याहाळता येतात. शेजारचा मोठा पूलही या स्मारकावरून ‘इंदियानो’ (भारतीय) या नावाने ओळखला जातो. कोणालाही विचारताना तेवढे म्हटले तरी पुरते. माझ्या मते या स्मारकाला निदान दोन तास द्यावेत. पुतळ्यासमोर छायाचित्र काढून लगेच निघणारी आपली मंडळी पाहिली की वाईट वाटते, कारण संगम पाहिल्याशिवाय ही जागा का निवडली गेली ते कळतच नाही.

इसारकाठ

दोघांचेही मनापासून आभार. माणगावकर मित्राने कासिनोचा आग्रह सोडला आहे. शनिवारी फ्लॉरेन्स आणि रविवारी सकाळी मोंतोने असे ठरते आहे. रविवारची दुपार कोठे घालवावी आणि परतीचा मार्ग कोणता घ्यावा?

पेरुजाकर

मोंतोनेहून ई-४५ नेच उत्तरेला अ‍ॅपेनाइन ओलांडून चेझेनाकडे उतरावे आणि फोर्ली गाठावे. रस्ता घाटाचा आहे आणि कोठे कोठे खराबही आहे, तेव्हा घाई करू नये. फोर्लीला भारतीय सैन्याची स्वतंत्र दफनभूमी आहे. दहन झालेल्या हिंदू आणि शीख सैनिकांची नावे तेथेच वेगळ्या स्मारकावर कोरली आहेत. ती सावकाश वाचावीत. मराठी आडनावे ओळखू येतात.

उजेड असेपर्यंत फाएंझाजवळ सेन्यो नदीच्या बांधावरही जाता येईल. नदी लहानशी आहे, पण दोन्ही काठांचे बांध उंच आणि तीव्र उताराचे आहेत. ९ एप्रिल १९४५ रोजी पहिल्या मराठा बटालियनचे शिपाई नामदेव जाधव यांनी गोळीबारात दोन जखमी सोबत्यांना पाण्यातून, बांधावरून आणि सुरुंगांच्या पट्ट्यातून पाठीमागे आणले. नंतर तीन मशीनगन ठाणी मोडून ते बांधाच्या माथ्यावर चढले आणि पलटणीची रणघोषणा देत त्यांनी मागच्या तुकड्यांना पुढे बोलावले. अहमदनगर (आताच्या अहिल्यानगर) जिल्ह्यातील निमजचे जाधव युद्धातून जिवंत परतले. त्यांच्या व्हिक्टोरिया क्रॉसचे वर्णन आधी वाचून गेलात तर बांध चढताना त्यातला एकेक शब्द समजेल.

रविवारी फाएंझालाच मुक्काम करावा, कारण तेथून म्युनिक सुमारे ६०० किलोमीटर आहे. बोलोन्या, मोदेना आणि ब्रेनर हाच सरळ मार्ग आहे. ऑस्ट्रियाचे टोलचिन्ह (व्हिन्येट) घेतले तरी ब्रेनरच्या महामार्गाचा टोल वेगळा भरावा लागतो, तो आधीच ऑनलाइन भरून ठेवावा. त्याच महामार्गावरील लुएग पुलाचे काम २०२५ पासून चालू असल्याने जोडसुट्टीच्या शेवटी तेथे फार खोळंबा होतो, म्हणून सोमवारी पहाटेच निघावे आणि दोघांपैकी एकाने आदल्या रात्री लवकर झोपावे.