जुन्या वस्तूंनी घर सजवायचंय : कुठे शोधू, काय पारखून घेऊ?

पडवी
नमस्कार. पुण्यात वारज्याला टू बीएचके घेतलाय, दिवाळीपर्यंत राहायला जाऊ. घर शोरूममधून जसंच्या तसं उचलून आणल्यासारखं दिसू नये असं मनापासून वाटतं. स्वयंपाकघर सुताराकडून करून घेतोय. हॉल आणि गॅलरीसाठी मात्र जुन्या वस्तू हव्यात : एखादा बाक, जेवणाच्या टेबलाला चार खुर्च्या, भिंतीवर जुनी चित्रं, थोडी पितळी भांडी. बजेट साठ-सत्तर हजार. सासूबाईंची एकच अट आहे, घरात वाळवी शिरता कामा नये. पुण्या-मुंबईत कुठे बघू? लाकूड कसं पारखू? सविस्तर सांगा प्लीज.

रंधा
जुनं फर्निचर दुरुस्त करणं हा आमचा धंदाच आहे, म्हणून जरा लांबण लावतो.

बाजारात जायच्या आधी दोन्हीकडच्या नातेवाइकांना फोन करा. गावाकडच्या घरांत माळ्यावर शिसवी पाट, सागवानी पेट्या, देवघरं धूळ खात पडलेली असतात आणि द्यायला लोक खुशीने तयार होतात. कुठली, कुणाची, किती जुनी हेही आपसूक कळतं.

विकत घेताना वस्तू उलटी करून दाखवायला सांगा. वरून पॉलिश मारलं की सगळंच देखणं दिसतं. खालची बाजू, पाठ, खणाचा तळ इथे कुणी पॉलिश करत नाही, त्यामुळे खरं लाकूड तिथे दिसतं. मग फळीची कड बघा. वरच्या रेषा कडेवरून खाली उतरत असतील तर लाकूड अख्खं आहे. कडेला वेगळा पातळ थर दिसला तर आत प्लाय आहे. खण बाहेर काढून कोपरे तपासा. एकमेकांत अडकवलेले दाते थोडे कमी-जास्त असतील तर ते हाताचं काम.

आता सासूबाईंची अट. वाळवी आणि भुंगेरा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. लाकडावर मातीच्या रेघा असतील, ठोकल्यावर पोकळ आवाज येत असेल, स्क्रूड्रायव्हर दाबला की आत जात असेल, तर फुकट दिलं तरी घेऊ नका. टाचणीच्या डोक्याएवढी गोल भोकं मात्र भुंगेऱ्याची. तो आत जिवंत आहे का ते पाहायला वस्तूखाली काळा कागद अंथरून काही दिवस ठेवा. कागदावर पिठासारखी ताजी भुकटी पडली तर आहे. मग सिरिंजने भोकाभोकात औषध सोडून मेणाने बुजवावं लागतं. हे सगळं वस्तू घरात आणायच्या आधी, सुताराकडेच उरकून घ्या.

पॉलिशबद्दल माझं ठाम मत आहे. बाक, कपाट, पेटीला फ्रेंच पॉलिशच करा. स्पिरिटमध्ये विरघळवलेली चपडी, म्हणजे लाख, कापडाच्या बोळ्याने थरावर थर चढवतात, लाकडाचा रंग आतून उजळतो. पण गरम कप ठेवला की पांढरा डाग पडतो, म्हणून जेवणाच्या टेबलाला पीयू, म्हणजे पॉलियुरेथेनचं पॉलिश बरं.

भेंडीबाजार
मुंबईत चोर बाजारातली मटन स्ट्रीट. शुक्रवारी दुकानं बंद असतात, तो वार टाळा. दिवे, आरसे, घड्याळं, एनॅमलच्या पाट्या यांसाठी ती चांगली. मोठ्या फर्निचरसाठी जोगेश्वरीचं ओशिवरा मार्केट. पुण्यात मंगळवार पेठेतला जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो. तिथे सकाळी लवकर जा.

ग्रामोफोनच्या मोहात पडू नका. चकचकीत भोंग्याचे बहुतेक नवे जुळवलेले असतात, फार तर आतलं यंत्र जुनं. दिव्याची वायर आणि होल्डर मात्र इलेक्ट्रिशियनकडून बदलून घेतल्याशिवाय लावू नका.

जेवणाच्या टेबलाला इराणी हॉटेलांत असायच्या त्या वाकवलेल्या लाकडाच्या खुर्च्या बघा. तो घाट व्हिएन्नाच्या थोनेट कंपनीच्या १८५९ सालच्या खुर्चीवरून आला. ती खुर्ची सहा भाग, दहा स्क्रू आणि दोन नट एवढ्यातच बनायची, सुटी करून घनमीटरभर खोक्यात छत्तीस मावायच्या. म्हणून तर बोटीने जगभर गेली. खिळखिळी वाटली तर घाबरू नका, स्क्रू आवळले की बऱ्याचदा घट्ट होते. फक्त लाकूड बीचचं असेल तर त्याला भुंगेरा लवकर लागतो, रंधांनी सांगितलेली तपासणी नक्की करा.

पडवी
किती मनापासून लिहिलंत दोघांनी! त्या खुर्च्यांची वेताची बैठक सैल असेल तर सगळी नव्याने विणावी लागते का? आणि रविवर्म्यांची जुनी छापील चित्रं अजून मिळतात का?

रंधा
वेत तुटला नसेल तर विणायची गरज नाही. खुर्ची उलटी करून बैठकीला खालच्या बाजूने गरम पाण्याचं ओलं फडकं लावा, चांगली भिजू द्या आणि सावलीत वाळवा. वेत आक्रसून ताणला जातो. तुटला असेल तर मात्र विणणाराच शोधावा लागतो.

दुर्बीण
मिळतात, पण नकला भरपूर. रविवर्मा प्रेस १८९४ मध्ये मुंबईत सुरू झाला, पुढे मळवलीला हलला. ती चित्रं शिळाछापाची, प्रत्येक रंगाला वेगळा दगड. खिशात भिंग ठेवा. अस्सल छापात ठिपके वेडेवाकडे, लहानमोठे आणि एकमेकांवर चढलेले दिसतात. कवायतीत उभे केल्यासारखे रांगेत ठिपके असतील तर ते अलीकडचं ऑफसेट. नक्कलही जरूर लावा, फक्त नकलेच्या भावाने घ्या. फ्रेम करताना मागचं जुनं पुठ्ठं बदला, आम्लामुळे कागद पिवळा पडून चुरतो. आणि भिंतीला ओल असेल तिथे टांगू नका.

जुन्या मूर्तींच्या वाटेला सहज जाऊ नका. शंभर वर्षांवरच्या वस्तूंना १९७२ चा पुरावस्तू कायदा लागू होतो आणि देवळातून उचललेलं काही नकळत घरात यायला नको.

चिंचमीठ
पितळेचं मी सांगते. हंडा, घंगाळ, फिरकीचा तांब्या मोडीच्या दुकानांत वजनावर मिळतात, सजावटीच्या दुकानापेक्षा पुष्कळ स्वस्त. चिंच-मिठाने घासून लगेच कोरडं पुसा, नाहीतर डाग उठतात. नक्षीकामावर दाताळ घासणी नको. पातेल्यात स्वयंपाक करायचा असेल तर आधी कल्हई करा, त्याशिवाय आंबट काही शिजवू नका. आणि गॅलरीत घंगाळात पाणी-फुलं ठेवणार असाल तर पाणी दर दोन-तीन दिवसांनी बदला. डेंग्यूचे डास स्वच्छ पाण्यातच होतात.

पडवी
उद्याच काकूंना फोन करते, त्यांच्या वाईच्या घरात एक मोठा बाक आहे. टेम्पोने आणायचा तर काय बघू?

रंधा
आधी लिफ्टचं दार आणि जिन्याचं वळण मोजा. मग बाकाचे सांधे बघायला सांगा : लाकडी खुंट्या असतील तर सुतार पाय आणि पाठ वेगळी करून देईल, खिळे ठोकलेले असतील तर अख्खा चढवावा लागेल, जादा माणसं सांगून ठेवा. सांध्यांवर खडूने आकडे घालून दोन्ही बाजूंचे फोटो काढायला विसरू नका.