११ दिवसांची मुलगी, दूध किती वेळा पाजायचं? मदत हवी आहे

जुळेसोलापूर_आई:
नमस्कार, बाळंतपणाला माहेरी सोलापूरला आलेय. लेक आज ११ दिवसांची झाली, उद्या बारसं, घर पाहुण्यांनी भरलंय आणि प्रत्येकजण वेगळंच सांगतंय, माझं तर डोकंच चालेना झालंय म्हणून इथं विचारतेय.

नॉर्मल डिलिव्हरी, दिवस पूर्ण भरलेले. जन्माचं वजन २.८ किलो होतं, चौथ्या दिवशी २.६ भरलं तेव्हा मी रडलेच, आज सकाळी केलं तर २.७६. फक्त अंगावर पिते. दिवसा नुसती झोपते, उठवलं की पाच मिनिटं चोखते आणि परत डोळे मिटते, आणि संध्याकाळी सहापासून अकरापर्यंत मात्र सोडतच नाही, दर अर्ध्या तासाला हवंच असतं. ते बघून आजी म्हणते तुझं दूध पुरत नाही, गाईच्या दुधात पाणी घालून बोंडल्यानं पाज. मावशी म्हणते पारा ४१च्या वर गेलाय, लेकराच्या घशाला कोरड पडत असेल, उकळलेलं पाणी दे की दोन चमचे. नवरा फोनवर विचारतोय पावडरचा डबा आणू का. काल ९ वेळा पाजलं, परवा ११, सगळं मोबाईलमध्ये लिहून ठेवलंय, पण पोटात किती मिली गेलं हे कळायचं कसं?? पंप लावून बघितला तर जेमतेम ३० मिली आलं, तेव्हापासून भीतीच बसलीय. रात्री झोपली तर उठवायचं का तेही सांगा प्लीज.

दोनलेकरं:
अगं आधी शू किती वेळा करते ते सांग. माझ्या दोन्ही लेकरांनी संध्याकाळी असंच केलं होतं, काही आठवडे चाललं मग आपोआप कमी झालं. मी पहिल्या वेळेला घाबरून वरचं दूध सुरू केलं आणि त्यानं माझंच दूध कमी झालं, त्याचं अजून वाईट वाटतं. तू तसं करू नको.

जुळेसोलापूर_आई:
ताई, कालपासून ८ लंगोट ओले झाले, शू पांढरी असते. शी पिवळी, ४ वेळा.

सिस्टरकाकू:
बाळा, मी बरीच वर्षं बाळंतिणींच्या वॉर्डात काम केलंय. ८ लंगोट ओले, शी पिवळी, आणि आठवड्यात १६० ग्रॅम वाढली म्हणजे रोजचे २३ ग्रॅम झाले, या वयाला २० ते ३० चांगले. तुझं दूध पुरतंय. पहिल्या दिवसांत थोडं वजन उतरतंच, दोन आठवड्यांच्या आत जन्माच्या वजनावर यायला हवं, ती जवळ आलीच आहे. पाजायचं २४ तासांत ८ ते १२ वेळा, म्हणजे तू बरोबर करतेयस. पंपाच्या ३० मिलीवर जाऊ नको, बाळ जेवढं ओढतं तेवढं पंप ओढत नाही.

ती रडायची वाट बघू नको. तोंड वळवून शोधायला लागली, मूठ चोखायला लागली की घे, रडायला लागल्यावर नीट धरत नाहीत. दिवसा पिता पिता झोपली तर दुपटं काढ, तळव्यांना चोळ, ढेकर काढ आणि दुसऱ्या बाजूला लाव. जन्माचं वजन भरून निघेपर्यंत तीन तासांच्या वर झोपू देऊ नको, रात्रीसुद्धा उठवायचं. नंतर डॉक्टर म्हणाले तर रात्री तिच्या तिच्या वेळेनं उठू दे.

पाणी अजिबात नाही. सोलापूरचा उन्हाळा असला तरी नाही, आईच्या दुधात ८७-८८ टक्के पाणीच असतं, तहान त्यातच भागते. सहा महिने फक्त अंगावरचं. गाईचं दूध या वयाला नको, पाणी घालून तर मुळीच नको. पाणी तू पी भरपूर. आणि उद्या बारशाला कोणी बोटानं मध चाटवायला आलं तर हात धरायचा, वर्षाच्या आत मध देत नाहीत, त्यातल्या जंतूंनी तान्ह्या बाळाला भयंकर आजार होऊ शकतो. पाहुणे मांडीवर फिरवत बसतात आणि पाजायची वेळ टळते, तेव्हा दर दोन-अडीच तासांनी तिला घेऊन आतल्या खोलीत जायचं, कोणाला काय वाटेल बघायचं नाही.

पावडर डॉक्टरांनी सांगितली तरच. तेव्हाही साधारण दिवसाला किलोमागे १५० मिली धरतात, तिच्या वजनाला दिवसभरात ४१५च्या आसपास, आठ वेळा विभागलं तर एका वेळी ५० मिली. डब्यावरच्या मापापेक्षा पातळ करायची नाही.

शू सहाच्या खाली आली, दोन-तीन वेळा सलग प्यायलीच नाही, उठवून उठेना, पिवळेपणा पायापर्यंत उतरला, टाळू खोल गेली, ताप १००.४च्या वर गेला, यातलं काहीही झालं तर सकाळची वाट न बघता दवाखाना गाठ.

जुळेसोलापूर_आई:
काकू, रडूच आलं वाचून. आजीला वाचून दाखवलं, ती एकदम गप्प झाली आणि आळिवाची खीर करायला उठली. मावशीचं पाणी मी नको म्हणून सांगितलंय. आत्ता तीन तास होत आले, उठवते. व्हिटॅमिन डीचे ड्रॉप्स दिलेत ते आत्तापासूनच सुरू करायचे का?

सिस्टरकाकू:
हो, ४०० युनिट रोज. एका मिलीत किती युनिट आहे ते बाटलीवर बघ, काहींत ४०० असतं काहींत ८००, त्याप्रमाणे अर्धा मिली की एक ते ठरतं. आज पाजून झालं की लगेच दे.