प्रतिसाद: सत्तर वर्षं की शून्य?

अमेरिकी संगणकांत घुसलेला ब्रिटिश हॅकर गॅरी मॅकिनन याला अमेरिकेत नेलं तर ७० वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, असं म्हटलं जायचं; त्यावरच्या इथल्या चर्चेतलं ‘दार उघडं होतं म्हणून आत शिरलेला चोर सुटत नाही’ हे म्हणणं मान्य. मॅकिननला पासवर्ड नसलेले संगणक सापडले खरे, पण आरोप नुसत्या डोकावण्याचा नव्हता. अमेरिकी लष्कर आणि नासाचे ९७ संगणक, पुसलेल्या फायली, शिवाय ११ सप्टेंबरनंतर लगेच नौदलाच्या एका तळाचं ठप्प झालेलं जाळं. (शोधत काय होता, तर उडत्या तबकड्या!)

पण त्या ‘७० वर्षां’बद्दल एक गोष्ट इथे कुणी लिहिली नाही. हाउस ऑफ लॉर्ड्सच्या (तेव्हाचं ब्रिटनचं सर्वोच्च न्यायालय) २००८च्या निकालात अमेरिकेचा प्रस्ताव नमूद आहे: आपणहून येऊन गुन्हा कबूल केलास तर तीन-चार वर्षं, त्यातली बरीचशी ब्रिटनच्या तुरुंगात, लढलास तर आठ-दहा किंवा जास्त, तीही अमेरिकेतच. म्हणजे वाढीव वर्षं हॅकिंगची नव्हेत, नकाराची. लॉर्ड्सना त्यात वावगं वाटलं नाही, मला मात्र ते वावगं वाटतं. शेवटी २०१२मध्ये ब्रिटनच्या तेव्हाच्या गृहमंत्री थेरेसा मे यांनी प्रकृतीच्या कारणावरून प्रत्यार्पण रोखलं आणि ब्रिटनमध्येही खटला भरला गेला नाही. अमेरिकावाले तीन-चार वर्षांवरच थांबले असते तर निदान काहीतरी शिक्षा झाली असती.