घरची गाडी ऑटोमॅटिक असताना गिअरच्या गाडीवरच शिकावे का?

प्रश्न
वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी मी ठाण्यात मोटार शिकत आहे. घरची गाडी ए.एम.टी. (गिअर आपोआप बदलणारी) आहे, परंतु ड्रायव्हिंग स्कूलची गिअरची आहे. सहा दिवसांत क्लच सोडताना ती इतक्या वेळा बंद पडली, की आमच्या चौकातील रिक्षावाले आता मला ओळखत असावेत. शिकाऊ परवाना हाती आहे. घरच्याच गाडीवर सराव करून चाचणी दिली, तर परवाना ऑटोमॅटिकपुरताच मिळेल का?

उत्तर 1
नाही. आपल्याकडे बिनगिअरच्या दुचाकीसाठी परवान्यात वेगळा वर्ग आहे, मोटारीचा एल.एम.व्ही. (हलके मोटार वाहन) परवाना मात्र दोन्ही प्रकारांना चालतो. शिकाऊ परवाना सहा महिने वैध असतो आणि 30 दिवसांनंतर चाचणी देता येते, तेव्हा घाई करू नये. सरावाच्या वेळी पुढे आणि मागे ‘एल’ची पाटी आणि शेजारी परवानाधारक व्यक्ती हवीच.

उत्तर 2
ताई, सहाव्या दिवशी क्लच जमत नाही म्हणून गिअरच्या गाडीवर शिकणे सोडू नका. मोकळ्या, सपाट जागी ॲक्सिलरेटरला अजिबात न शिवता क्लच इतका सावकाश सोडा, की गाडी आपोआप सरकू लागेल. पाय जिथे थबकवावा लागतो, तोच हाफ क्लच. एकदा ती जागा पायाला कळली, की गाडी बंद पडणे बरेच कमी होते.

घरच्या गाडीवर बसाल तेव्हा डावा पाय बाजूलाच ठेवा. क्लच समजून त्याने ब्रेक दाबला, तर मागचे वाहन येऊन आदळू शकते. ए.एम.टी.मध्येही क्लच असतो, फक्त तो यंत्र दाबते. म्हणून चढावर ॲक्सिलरेटरच्या जोरावर गाडी रोखून धरल्यास तो तापतो. तिथे ब्रेक किंवा हँडब्रेकच वापरावा. महाबळेश्वरहून आंबेनळी घाटाने पोलादपूरला उतरताना तर ‘एम’वर (गिअर हाताने बदलण्याच्या स्थितीत) घेऊन खालचा गिअर धरावा, म्हणजे इंजिनच वेग आवरते आणि ब्रेक तापत नाहीत.

उत्तर 3
मी ब्रिटनमध्ये राहतो. इथे ऑटोमॅटिकवर चाचणी दिल्यास गिअरची गाडी चालवता येत नाही, आणि येथे स्थायिक झाल्यावर भारतीय परवाना 12 महिनेच चालतो. परदेशी जाण्याचा विचार नसेल, तर हा मुद्दा आपण सोडून द्यावा.

प्रश्नकर्त्या
सर्वांचे आभार. सासरची गाडी गिअरचीच आहे, हे मी लिहायचे विसरले होते. त्यामुळे वर्ग पूर्ण करीन आणि उद्या सकाळी सोसायटीच्या मागच्या मैदानात हाफ क्लच शोधीन.